तूदा आखायची त्या वाटा

तूदाच्या घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना पहिल्या संध्याकाळी सगळा डोंगर सतरंजीवर बघायला मिळे. जेवणं उरकली, पुदिन्याच्या चहाचे पेले एकदा फिरले, की ती अक्रोडांची टोपली जमिनीवर ओती आणि विचारी, "किती दिवस आहेत हाताशी?" मग पाहुणा जे सांगेल त्या हिशेबाने ती अक्रोड मांडू लागे. हे थोरलं शिखर, ही त्याच्या काखेतली दोन धाकटी, ही कोल्ह्याची खिंड. जवाच्या कोंड्याची रेघ ओढली की झाली नदी. मुक्कामाच्या जागी रिकामा पेला पालथा. उद्या खेचरांबरोबर नदीकाठाने वरच्या कुरणापर्यंत जायचं, रात्र मेंढपाळांच्या दगडी झोपडीत काढायची, परवा उजवीकडची वाट सोडून डावीकडच्या घळीत शिरायचं, असं बोट फिरवत ती सांगत जाई.

तिझ्गी गावातून वर जाणारी रुळलेली वाट होती. खालच्या शहरातले वाटाडे सगळ्यांना तिनेच नेत आणि तिनेच आणत. तूदाची वाट मात्र दर खेपेला निराळी. ती एका खोऱ्यातून चढवी, अर्ध्यावरून आडवी काढी, आणि चुकलेली शेळी शोधायलाही जिथे कोणी जात नाही अशा कपारीपाशी दुपार घालवायला लावी. तिथे सावली आहे म्हणे, पाणी आहे म्हणे. पाहुणे परत येत ते खूश होऊन. असा डोंगर कोणीच दाखवला नाही म्हणत. त्यांच्या तोंडून तूदाचं नाव दूरवर पोचलं, आणि उन्हाळ्यात तिच्या तिन्ही खोल्या भरलेल्या राहू लागल्या.

परतल्यावर मात्र ती विचित्र प्रश्न विचारी. सूर्य कसा उगवला, फुलं कोणती होती, यातलं काही नाही. घळीतला बर्फ कुठवर उतरला होता? गिधाडं कोणत्या अंगाला घिरट्या घालत होती? दगडांच्या फटीत एखादी चिंधी, चामड्याचा तुकडा, काही नजरेला पडलं का? पाहुण्यांना वाटे, बाईचा डोंगरावर जीव आहे. गावाला खरं ठाऊक होतं, पण गाव त्यावर बोलत नसे.

तूदाचा नवरा झायद त्या डोंगरात हरवला होता.

लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. त्यांची मुलगी इज्जा भिंत धरून चालायला लागली होती. बर्फ पडायच्या आधी लोकर विकून यावी म्हणून झायद खिंडीपलीकडच्या बाजाराला गेला. परतायच्या दिवशी आभाळ एकाएकी खाली उतरलं. पुढे खेचर आलं. खोगीर एका अंगाला कललेलं, लगामाला बर्फाचे गोळे. झायद आलाच नाही. गावातले पुरुष दोर आणि फावडी घेऊन वर गेले, त्यांना बर्फाने मागे परतवलं. वसंतात बर्फ सुटू लागला तसा झायदचा धाकटा भाऊ बस्सू एकटाच वर गेला. बरेच दिवस तिकडेच राहिला. खाली आला तो उन्हाने करपून, गालफडं बसून. अंगणात मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "काही नाही मिळालं, वहिनी."

तूदाचे भाऊ तिला न्यायला आले. खालच्या गावात पावाची भट्टी असलेला एक विधुर त्यांनी बघून ठेवला होता. माणूस मवाळ होता, पोरीसकट करायला तयार होता. काझीकडे जाऊ, हरवलेल्याच्या बायकोलाही मोकळं करतात, असं भाऊ समजावत होते. दाराआड सासू रकिया जपमाळ ओढत ऐकत होती.

तूदा म्हणाली, "मी पांढरं घातलं नाही. त्याला माती पडलेली बघितली नाही. कशाच्या जोरावर उठून येऊ?"

भाऊ पुढच्या वर्षी पुन्हा आले, त्याच्या पुढच्या वर्षीही आले. मग येईनासे झाले. भट्टीवाल्याने दुसरीकडे घरोबा केला.

आवाज येऊ लागला तो त्याच सुमारास. झायदची काठी अक्रोडाच्या लाकडाची होती, टोकाला लोखंडी टोपण. दगडी बोळातून तो वर येई तेव्हा ती टक् टक् वाजे. आता भर दुपारी, चूल धडाडून पेटलेली असताना, तूदाला तो आवाज ऐकू येई. दमलेल्या माणसाचा, थांबत थांबत येणारा. ती पीठभरल्या हातांनी बाहेर धावे तर बोळ रिकामा, उन्हात एखादी कोंबडी माती उकरत असलेली. शेजारीण म्हणाली, वाऱ्याने पत्रा वाजत असेल. तूदाने पत्र्याला खिळे मारून घेतले. आवाज येतच राहिला. कोणी कुठल्याशा फकिराचा ताईत आणून दिला. तो तिने इज्जाच्या दंडाला बांधला, स्वतःला नाही.

"तो यावा म्हणून मी दाराला अडसर घालत नाही," ती शेजारणीला म्हणाली, "आणि मी त्यालाच हाकलायचा ताईत बांधू?"

अशात एकदा वाट चुकलेले दोघे परदेशी नवराबायको दारात उभे राहिले. तिने त्यांना भाकरी, लोणी आणि अंथरूण दिलं. सकाळी ते पुढची वाट विचारू लागले. तूदाने लहानपणी त्याच डोंगरात शेळ्या राखल्या होत्या, दगड न् दगड तिच्या पायाखालचा होता. तिने वाट सांगितली. परतीला ते पुन्हा तिच्याकडेच उतरले आणि हातवारे करून काय काय बघितलं ते सांगू लागले. एका कड्याखाली मेलेल्या बोकडाचा सांगाडा दिसला होता, तेही सांगितलं. ऐकता ऐकता तूदाच्या मनात आलं, हे डोळे आहेत. आपल्याला घर सोडता येत नाही. पोर लहान, सासू अंथरुणाला टेकलेली, आणि वर जायचं नाव काढलं की नेमका तिला ताप भरतो. पण हे लोक हौसेने जातात. यांना कुठे पाठवायचं ते तर आपल्याच हातात आहे.

तिथून तिच्या वाटा सुरू झाल्या. कोणाला ती पूर्वेच्या अंगाने पाठवी, कोणाला पश्चिमेच्या. एक कपार बघून झाली की पुढच्या पाहुण्याला तिच्या शेजारची. पाहुणे मजेत हिंडत आणि तूदा त्यांच्या डोळ्यांनी नवऱ्याला शोधत राही. त्यांच्याबरोबर खेचरं घेऊन बस्सू जाई. घरचा माणूस, आणि डोंगराचं त्याच्याइतकं कोणाला कळणार? वाट ऐकताना तो मान हलवी, फारसं बोलत नसे. तो पूर्वी गाणारा होता. भावामागे त्याचं गाणं गेलं, असं लोक म्हणत.

इज्जा मोठी झाली, लग्न होऊन सपाटीवरच्या शहरात गेली. रकिया बरीच वर्षं अंथरुणावर काढून एका हिवाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिने तूदाचा हात घट्ट धरला होता, ओठ हलले होते, पण शब्द फुटला नाही. तूदाने तिला आंघोळ घातली, कफनात गुंडाळली, आणि आईसाठी रडावं तशी रडली.

मेकनेस शहरातून रहमा नावाची एक बाई दर उन्हाळ्याला यायची. इस्पितळातली नोकरी संपवून निवृत्त झालेली, थुलथुलीत अंगाची, बोलघेवडी. आधीच्या दोन खेपांना तिच्यासोबत मैत्रिणी होत्या. तिसऱ्या खेपेला ती एकटीच आली. म्हणाली, "त्या दोघींचे गुडघे संपले. माझे अजून थोडे उरलेत, तेवढ्यात काय ते दाखव."

अक्रोड मांडले गेले. तूदाचं बोट फिरू लागलं. रहमा चहाचे घुटके घेत बघत होती. मधेच तिने सतरंजीवरच्या एका मोकळ्या जागेवर हात ठेवला. खिंडीच्या खाली, दोन अक्रोडांच्या मधे.

"इथे काय आहे गं?"

"पांढरी घळ. बर्फ फार दिवस राहतो तिथे."

"मग तिथे का नाही नेत? दोन्ही वेळा तू सांगितलंस आणि दोन्ही वेळा बस्सूने आम्हाला वळवलं."

"दरड कोसळली होती ना? भावजी म्हणाले."

"दरड? छे. पहिल्या वर्षी तो म्हणाला, मेंढपाळांची कुत्री फार वाईट आहेत. गेल्या वर्षी म्हणाला, ओढ्याला पाणी चढलंय. मी म्हटलं, अरे कोरडा ठणठणीत तर आहे. तर ऐकू न आल्यासारखा खेचराला हाकत राहिला."

आधीच्या वर्षांतल्या पाहुण्यांची एकेक आठवण तूदाच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. त्या जर्मन म्हाताऱ्याला बस्सूने सांगितलं होतं की घळीत विंचू आहेत. कॅसाब्लांकाच्या त्या मास्तरांच्या खेपेला खेचर लंगडलं होतं. दर वेळी कारण वेगळं, म्हणून ती कधी अडखळली नव्हती. बस्सू खोटं बोलेल, हे तर तिच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. आता सतरंजीवर बघितलं तर सगळा डोंगर तिच्या वाटांनी पिंजून झाला होता, आणि मधे तेवढा एक तळहात कोरा राहिला होता.

तिने हळूहळू अक्रोड टोपलीत भरले. मग म्हणाली, "रहमाताई, या खेपेला मीही येते."

सकाळी बस्सू खेचरं घेऊन आला तर तूदा मरहूम सासूची जाड शाल पांघरून, पायात चढणीचे जोडे घालून उंबऱ्यावर बसलेली. तो थबकला. तिच्या दुखऱ्या गुडघ्याची त्याने आठवण करून बघितली, घर कोण सांभाळणार ते विचारलं. ती म्हणाली, शेजारीण बघेल. कुठली वाट धरायची, असं त्याने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की नेहमीची, कुरणापर्यंत, पुढचं तिथे सांगेन.

नदीकाठाने, अक्रोडांच्या सावलीतून ते वर निघाले. रहमा बडबडत होती, तिला कोणी साथ देत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी तूदा या वाटेवर आली होती. लहानपणी शेळ्यांमागे पळताना हसरा वाटलेला हा डोंगर आता तिला, घरात कोणी गेल्यावर माणसं बसतात तसा, गप्प बसलेला वाटला. कुरणात मेंढपाळांनी ताक दिलं, गरम भाकरी दिली. बस्सू जेवला नाही. दुसऱ्या सकाळी तूदाने हात वर करून घळीची दिशा दाखवली. त्याने एकही सबब सांगितली नाही. खेचरांची तोंडं तिकडे वळवली.

वर झाडं संपली, उतारावर नुसते सुटे दगड उरले. रहमाचं खेचर पुढे होतं, तूदाचं मागे, सगळ्यात मागे बस्सू पायी. ऊन चांगलं वर आलं होतं. वारा अजिबात नव्हता. आणि तेव्हा तूदाला मागून आवाज आला. टक्. थोडा थांबून पुन्हा टक्. तिने मान वळवली. उतार लांबवर मोकळा होता, कोणी नव्हतं.

बस्सूही वळून मागेच बघत होता.

तूदाने खेचर थांबवलं. "तुम्हालाही ऐकू येतं, भावजी?"

बस्सू तिथल्याच एका दगडावर बसला.

"पहिल्या वसंतापासून," तो म्हणाला. "इथून खाली उतरलो तेव्हापासून. शेवटच्या खेचरामागून कोणीतरी येत असतं. पाहुण्यांना नाही ऐकू येत. मला वाटायचं, मलाच."

"कुठे आहे तो?"

त्याने घळीच्या तोंडाशी असलेल्या एका झुकलेल्या कड्याकडे बोट केलं. मग तो सांगत गेला, खाली बघत, एका सुरात. झायद त्या कड्याखाली बसलेलाच सापडला होता. वादळ ओसरायची वाट बघत बसावा तसा, पाठ दगडाला लावून, काठी मांडीवर आडवी. बर्फाने त्याला जसाच्या तसा ठेवला होता. बस्सूने दगड आणि माती हाताने उकरून खड्डा केला, येत होती तेवढी प्रार्थना म्हटली, आणि सांगायला म्हणून गावाकडे निघाला.

"गावाच्या वेशीवर आई उभी होती. माझं तोंड बघूनच ओळखलं तिने. म्हणाली, तूदाचे भाऊ टपलेत. तिला कळलं की ती पांढरं घालेल, दिवस संपले की जाईल, आणि पोरीला घेऊन जाईल. एक लेक डोंगराने नेला, नात दुसऱ्याच्या घरी वाढेल, मी कोणाकडे बघून जगू? माझा हात तिने छातीवर ठेवून घेतला आणि दुधाची शपथ घातली. म्हणाली, एवढं वर्ष जाऊ दे." बस्सूने तोंडावरून हात फिरवला. "वर्ष गेलं. मग म्हणाली, अजून एक. मग तुम्ही वाटा आखायला लागलात, वहिनी. तुम्ही अक्रोड मांडायचात आणि मी बघत बसायचो. मला वाटायचं, आज बोलेन. पण इतकं लांबल्यावर बोलायचं तरी कसं?"

"आई गेली तेव्हा?"

"तेव्हा तर तुम्ही तिच्यासाठी इतक्या रडलात, की माझी जीभच उचलेना."

तूदा खेचरावरून उतरली. उभ्या आयुष्यात तिने दिराला नावाने हाक मारली नव्हती.

"बस्सू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी गेले असते की राहिले असते, कोण जाणे. मलाही ठाऊक नाही. कदाचित तुझ्या आईला सोडून जाववलं नसतं मला. पण तुम्ही दोघांनी मला ते ठरवूच दिलं नाही."

उत्तराला न थांबता ती कड्याकडे चालू लागली.

कबर बुटकी होती, दगडांनी नीट बांधलेली, डोक्याशी आणि पायाशी एकेक उभा दगड. फटींतून रानातला ओवा उगवला होता. हिवाळ्यात ढासळलेले दगड कोणीतरी दर वर्षी परत रचत आलं होतं, हे बघताच कळत होतं. ती एवढा वेळ शांत होती, पण ती निगा बघून भडकली. ज्या कबरीचा तिला पत्ता नव्हता तिची देखभाल दुसरं कोणी करत होतं. तिने वरचे दोन दगड उचलले, बाजूला टाकले, आणि मग स्वतःच्या हातांनी पुन्हा ठेवले.

रहमा खेचरांना घेऊन दूर जाऊन बसली. मरणं तिने नोकरीत पुष्कळ बघितली होती, कुठे गप्प राहायचं ते तिला कळत होतं. तूदा कबरीपाशी बसून बराच वेळ हलक्या आवाजात बोलत होती. मधेच ती हसल्यासारखं वाटलं, असं रहमाने नंतर सांगितलं. काय बोलली, ते रहमाला ऐकू आलं नाही आणि तूदाने कोणाला सांगितलं नाही.

उतरताना मागून कसलाच आवाज आला नाही. खेचरांच्या टापा, दगड घरंगळणं, तेवढंच. तूदा पुन्हा पुन्हा थांबून ऐकत होती.

घरी येऊन तिने पांढरं घातलं. गावात कुजबुज झाली. केस पिकल्यावर कसला शोक पाळते, असं बायका म्हणाल्या. मशिदीत धर्म शिकवणाऱ्या म्हाताऱ्या फकीहनेही निरोप धाडला, की बाई, धर्माने सांगितलेले दिवस केव्हाच उलटून गेले. तूदाने उलट निरोप पाठवला, "ते त्याच्या मरणाचे दिवस. माझे आत्ता सुरू झालेत." इज्जा पोराबाळांना घेऊन आली. काकाला चार शब्द सुनवायचे म्हणून तावातावाने त्याच्या घरी गेली, आणि त्याची खंगलेली अवस्था बघून तशीच परत आली.

ते दिवस तूदाला फार जड गेले. शोकाने नव्हे, शांततेने. चुलीपाशी बसली असताना ती मधेच हात थांबवी, कान देई. बोळातून मुलं धावत जात, गाढवं जात, पाणी वाहे. ज्याची वाट बघायची तो आवाज मात्र येईनासा झाला होता. इतकी वर्षं तो थांबावा म्हणून लोकांनी तिला उपाय सांगितले होते. आता तिला वाटू लागलं, आपणच त्याला त्या दगडांखाली परत पुरून आलो. एकदा ती शेजारणीला म्हणाली, "हरवला होता तोवर तो येत तरी होता."

त्या दिवसांत सकाळी दार उघडलं की उंबऱ्यापाशी जळणाची मोळी असे. ती कोणाची ते तिला माहीत होतं. मोळी ती आत घेई, चुलीत घाली. ठेवणाऱ्याशी बोलत नसे.

पांढरं उतरवून न्हाऊन झालं, आणि दुसऱ्याच दिवशी पाहुणे आले. दोघी बहिणी, सामान पाठीवर, गाल उन्हाने लाल. चहा झाल्यावर तूदा त्यांच्यासमोर बसली. धाकटीने विचारलं, या डोंगरात बघण्यासारखं काय काय आहे? तूदाने अक्रोडांच्या टोपलीकडे हात नेला आणि मागे घेतला. खरंच, काय असतं बघण्यासारखं? ती आपली इतकी वर्षं एकच गोष्ट बघत होती. शेवटी ती म्हणाली की तुम्हाला काय आवडतं ते सांगा. त्या म्हणाल्या, पाणी. मग तिने त्यांना झऱ्यांची वाट सांगितली. सरळ, रुळलेली, सगळेच जातात ती.

सकाळी बस्सू खेचरांना खोगीर घालत होता. पाहुण्या बाहेर आल्या नव्हत्या. पट्टा आवळता आवळता, वर न बघता तो बोलला. "हल्ली दुसऱ्या घरांचे पाहुणे नेतो ना, कबर दिसली की ते विचारतात. कबरीच्या अंगावरून जाणारी वाट आहे, आता आडवळणाने नेत नाही मी कोणाला."

"विचारतात कोणाची म्हणून," तो म्हणाला. "काय सांगू, वहिनी?"

तूदा उंबऱ्यावर उभी होती. तिने त्याला माफ केलं नव्हतं. पुढेही केलं की नाही, हे ती कधी बोलली नाही.

"नाव सांगा," ती म्हणाली. "पूर्ण नाव सांगा, बापाच्या नावासकट. कोणाचा नवरा, तेही सांगा."

त्याने मान हलवली.

तूदा पुन्हा घळीकडे गेली नाही. गुडघा साथ देत नाही, असं ती सांगते. पांढऱ्या घळीवरून जाऊन येणारे पाहुणे सांगतात, की त्या कड्यापाशी आलं की बस्सू नाव सांगतो, मग सगळ्यांना पुढे लावतो आणि स्वतः मागे राहतो. बराच वेळ येत नाही. त्याची वाट बघून पाहुणे वळून पाहतात तर तो उताराकडे तोंड करून, कान देऊन उभा असतो, कोणी मागून येत असावं तसा. तूदा हे ऐकून घेते आणि पाहुण्यांच्या पेल्यात चहा ओतते.